क्लबाचं आयुष्य आणि मध्यरक्षकाचं वय

१९७९ सालच्या पहिल्या सात महिन्यांत दोन मध्यरक्षक जन्मले. क्लायमॅक्स लॉरेन्स जानेवारीत, गोव्यात. स्टिलियान पेट्रोव्ह जुलैत, बल्गेरियाच्या वायव्येला असलेल्या मोन्ताना शहरात. दोघंही समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घेण्यात वाकबगार, दोघांनीही आपापल्या देशाचं कप्तानपद सांभाळलं आणि दोघांच्याही कारकिर्दीत २०१२ साल निर्णायक ठरलं. लॉरेन्सनं त्या वर्षाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय फुटबॉलला रामराम केला. पेट्रोव्हला मार्चमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं. इंग्लंडमधल्या ॲस्टन व्हिलाचा तो तेव्हा कप्तान होता. पुढे कितीतरी सामन्यांत एकोणिसाव्या मिनिटाला अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत असे, कारण त्याच्या पाठीवर १९ आकडा होता. २०१३ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.

पेट्रोव्हची वाट तशी सरळ. सीएसकेए सोफियाकडून खेळताना तो नजरेत भरला आणि १९९९ मध्ये, विशीत, ग्लासगोच्या सेल्टिकमध्ये गेला. भाषा येईना, ड्रेसिंग रूममध्ये कोण काय म्हणतंय कळेना, म्हणून एका मित्राच्या बर्गरच्या गाडीवर उभा राहून गिऱ्हाइकांशी बोलत बोलत इंग्रजी शिकला. सात वर्षं तिथं काढली, २००३ च्या यूएफा चषकाची अंतिम फेरी खेळला, मग २००६ पासून व्हिला. बल्गेरियासाठी शंभरावर सामने. म्हणजे तीन मोठे क्लब, आणि प्रत्येक ठिकाणी मुरायला पुरेसा वेळ.

लॉरेन्सही मोठ्या क्लबांतूनच खेळला. साळगावकर, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मग धेंपो. आर्मांद कुलासो यांच्या हाताखालच्या धेंपोनं २००४-०५ ते २०११-१२ या काळात देशाची लीग पाच वेळा जिंकली, आणि त्या संघाच्या मधल्या फळीचा लॉरेन्स हा कणा होता. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकात हैदराबादेत अफगाणिस्तानविरुद्ध सामना गोलशून्य सुटणार असं दिसत असताना भरपाईच्या वेळेत त्यानं गोल केला. (अशा नावाच्या माणसानं दुसरं करायचं तरी काय!) भारतानं ती स्पर्धा जिंकली आणि १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकात जागा मिळवली. २०११ साली दोहाला ऑस्ट्रेलिया, बहरीन आणि दक्षिण कोरिया यांनी मिळून आपल्यावर १३ गोल चढवले हे खरं, पण तिथवर पोचण्यात या माणसाचा वाटा मोठा होता.

आता या दोघांचे क्लब पाहा. सेल्टिक १८८७ चा, व्हिला १८७४ चा. सीएसकेए सोफियाचा कारभार मध्यंतरी दिवाळखोरीच्या कडेला गेला, २०१५ मध्ये त्याला तिसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं, तरी तो क्लब उभा आहे. इकडे साळगावकर आणि धेंपो या दोघांनीही २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. लॉरेन्सचा काळ त्यापूर्वी संपला होता, एवढंच त्याचं नशीब. पुढच्या पिढीचं तसं झालं नाही, आणि या आढाव्याचा मुद्दा तोच आहे. गोवा, महाराष्ट्र आणि आसपासच्या पट्ट्यात मध्यरक्षक जन्मत नाहीत असं अजिबात नाही. त्यांना पिकायला जितकी वर्षं लागतात, तितकी वर्षं आपल्याकडचे क्लब जगत नाहीत.

हे मध्यरक्षकाच्याच बाबतीत जास्त का लागू पडतं, ते खेळाच्या आत शिरून पाहायला हवं. विंगवर पळणारा पोरगा अठराव्या वर्षीसुद्धा निव्वळ वेगावर सामना फिरवू शकतो. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात, ते घेऊन तो दुसऱ्या क्लबाचं दार ठोठावू शकतो. मधल्या फळीतल्या खेळाडूचा हिशेब असा कागदावर मांडता येत नाही. चेंडू त्याच्याकडे येत असतो तेव्हा बघा. चांगला मध्यरक्षक चेंडूकडे कमी आणि खांद्यावरून मागे जास्त बघतो. अंगावर कोण येतंय, डावा बॅक वर चढलाय का, आपला स्ट्रायकर कुठल्या अंगानं पळणार आहे, हे चेंडू पायाशी यायच्या आत ठरलेलं असतं. मग तो अर्धवट वळलेल्या अंगानं, लांबच्या पायावर चेंडू घेतो आणि त्याच झोकात पुढे देतो. सगळं मिळून दीड-दोन सेकंदांचं काम. पण डाव्या बॅकला चेंडू पायात हवा असतो की पुढे मोकळ्या जागेत, हे त्याच माणसासोबत दोन-तीन हंगाम काढल्याशिवाय अंगात उतरत नाही. म्हणून मध्यरक्षक सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास पिकतो. त्या वयात त्याचा क्लबच बंद पडला तर तो नव्या शहरात, नव्या प्रशिक्षकापुढे पुन्हा नवशिका होतो. गोलांचा आकडा दाखवायला त्याच्याजवळ नसतो.

बल्गेरियाचा आणि आपला एक जुना हिशेबही आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, ही भारतीय फुटबॉलची आजवरची ऑलिंपिकमधली सर्वोच्च कामगिरी. ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं, त्यात मुंबईत खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझाची हॅट्‌ट्रिक होती. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियानं ४-१ असा धुव्वा उडवला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० असं हरवलं. त्या भारतीय संघाच्या मधल्या फळीत, तेव्हाच्या बोलीत हाफ-बॅकला, म्हैसूर राज्याचा केम्पय्या होता. पुढे १९६० च्या रोम ऑलिंपिकलाही तो गेला. त्या काळी दोन्ही देश फुटबॉलमध्ये एकमेकांपासून फार लांब नव्हते. ३-० हा पराभव आहे, नामुष्की नाही.

अडतीस वर्षांनी, १९९४ च्या विश्वचषकात, बल्गेरिया थेट चौथ्या क्रमांकावर. उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध पेनल्टीवर एक गोल खाल्ल्यावर स्टोइचकोव्हनं फ्री-किकवर बरोबरी साधली, आणि तीन-चार मिनिटांत यान्कोव्हच्या क्रॉसवर योर्दान लेचकोव्हनं झेप घेऊन डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला. यान्कोव्ह मध्यरक्षक, लेचकोव्हही मध्यरक्षक, आणि तोसुद्धा जर्मनीतल्याच हॅम्बुर्गकडून खेळणारा. (पुढे हा लेचकोव्ह आपल्या स्लिवेन शहराचा महापौर झाला. आपल्याकडे क्रिकेटपटू खासदार होतात, तसंच.) यशाचं श्रेय जगानं स्टोइचकोव्हच्या पिढीला दिलं. माझ्या मते त्या संघाचं बळ बालाकोव्ह, लेचकोव्ह, यान्कोव्ह या मधल्या तिघांत होतं. असं त्रिकूट भारताला एकाच वेळी लाभलं आहे का, याचं उत्तर शोधताना १९५० आणि ६० च्या दशकांपाशीच थांबावं लागतं.

त्या दशकांत मुंबईतला फुटबॉल कचेऱ्यांच्या जिवावर चालत असे. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, पुढे ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, रेल्वे, बँका. सकाळी सराव, दुपारी सही करून टेबल, संध्याकाळी कूपरेजवर सामना. या पद्धतीला नावं ठेवायला जागा भरपूर आहे. पण तिचा एक गुण आपण विसरतो. खेळाडूची नोकरी पक्की असे, म्हणून तो तिशीनंतरही त्याच संघात त्याच सोबत्यांबरोबर खेळत राही. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकासाठी देशभरातले संघ मुंबईत येत, तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहणारे हे चेहरे वर्षानुवर्षं तेच असत. विसावं शतक सरता सरता रोव्हर्स बंद पडला. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली, व्यावसायिक करार आले, पैसे वाढले. नोकरीची जागा करारानं घेतली. करार मात्र एका-दोन वर्षांचेच होते.

या बदलातला सगळ्यात देखणा प्रयोग म्हणजे महिंद्रा युनायटेड. १९६२ मध्ये कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेला हा क्लब २००० च्या सुमारास नव्या नावानं व्यावसायिक झाला आणि २००५-०६ मध्ये डेरिक परेरांच्या प्रशिक्षणाखाली राष्ट्रीय लीग जिंकला. फेडरेशन चषक, ड्युरँड, आयएफए शील्ड, सगळं त्यांच्या कपाटात होतं. मुंबईकर स्टीव्हन डायस या संघात घडला. उजव्या बगलेवरून क्रॉस टाकणारा आणि फ्री-किकवर घात करणारा हा खेळाडू २००७ चा नेहरू चषक, २००८ चा चॅलेंज चषक, २०११ चा आशियाई चषक असा सलग भारतीय संघात होता. नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध एकमेव गोल करणारा एन. पी. प्रदीप हाही मध्यरक्षक आणि महिंद्राचाच. २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलवर लक्ष देणार असल्याचं सांगितलं. हेतू चांगला असेलही. पण तेव्हा डायस सव्वीस वर्षांचा होता, म्हणजे मघाशी सांगितलेल्या त्याच वयाचा. पुढे तो क्लब बदलत राहिला.

पुण्याचं प्रकरण थोडक्यात उरकतो, कारण ते तसं थोडक्यातच उरकलं गेलं. पुणे एफसी २००७ मध्ये आला, २०१२-१३ च्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, दुसरा आला, त्यानं चांगली अकादमी उभारली, आणि २०१५ मध्ये थांबला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये २०१५ ला शिरला, २०१७ ला बाहेर. एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून होता, २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईत मुंबई एफसी २००७ ते २०१७. बारा-तेरा वर्षांत एवढे क्लब आले आणि गेले. पुण्यात फुटबॉलचे प्रेक्षक नाहीत असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. प्रेक्षकानं कुणावर जीव लावायचा तेच ठरेना.

गोव्यात थोडं थांबायला हवं, कारण तिथं विषयाला खोली आहे. भात कापून झालं की शेतं मैदानं होतात, गावागावांत स्पर्धा लागतात, आणि रविवारची प्रार्थना आटोपून निम्मं गाव बांधावर उभं राहतं. या मुळांवर मोठे क्लब उभे केले ते लोहखनिजाच्या पैशानं. धेंपो, साळगावकर, सेसा ही सगळी खाणीशी जोडलेली नावं. खाणमालकाच्या हौसेवर चाललेला क्लब म्हणजे मालकाचा मूड असेल तोवर क्लब, अशी टीका तेव्हाही होत असे. पण गोव्यातले हे मालक चिवट निघाले. चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी संघ चालवले, आणि त्यामुळे तिथं मध्यरक्षकांची परंपरा तयार झाली. मॉरिसियो आफोन्सो, साव्हियो मदेरा, मग लॉरेन्स, मग क्लिफर्ड मिरांडा. डाव्या पायाचा हा मिरांडा जवळजवळ पंधरा वर्षं धेंपोतच खेळला. भारतात मध्यरक्षकानं एकाच क्लबात एवढा काळ काढल्याची उदाहरणं बोटांवर मोजता येतील, आणि धेंपोची पाच विजेतेपदं याच काळातली आहेत हा योगायोग नाही.

जून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी एकदम आय-लीग सोडली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं सुपर लीगला देशाची मुख्य लीग करायचं ठरवलं होतं, त्यात आपल्यासारख्या जुन्या क्लबांना दुय्यम स्थान मिळणार, हा त्यांचा आक्षेप. त्याआधी २०१२ च्या खाणबंदीनं गोव्याच्या अर्थव्यवस्थेला धक्का दिला होताच. आक्षेप रास्त होता की नाही यावर गोव्यात आजही वाद झडतात. मला तो बहुतांशी रास्त वाटतो, पण त्यावर उपाय म्हणून मैदान सोडणं मला पटलं नाही. एका हंगामात शेकड्यानं मुलांच्या डोक्यावरची शिडी काढून घेतली गेली. गोव्याचेच चर्चिल ब्रदर्स पडत-उठत राहिले, आणि फातोर्ड्याला एफसी गोवा उरला.

एफसी गोवानं मात्र काही गोष्टी बरोबर केल्या. २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून सर्जियो लोबेरा आले आणि संघ जमिनीवरून, छोट्या पासांनी खेळू लागला. मधल्या फळीत अहमद जाहू आणि एदू बेदिया हे परदेशी, आणि त्यांच्यासोबत लेनी रॉड्रिग्ज. लेनी गोव्याचाच. चर्चिलसोबत लीग जिंकलेला, मोहन बागान, पुणे आणि बेंगळुरू फिरून तिशीला आलेला. इथं त्याला तो मुरण्याचा काळ मिळाला. जाहू चेंडू वाटायचा, लेनी त्याच्या मागची भोकं बुजवायचा. टाळ्या जाहूला मिळायच्या. मिडिया बॉक्समधल्या जाणकारांना विचारलं की ते लेनीचं नाव घ्यायचे. २०१९ चा सुपर चषक आणि २०१९-२० ची लीग शील्ड या संघानं घेतली, आणि शील्ड पूर्ण झाली ती लोबेरांना काढल्यावर प्रभारी प्रशिक्षक झालेल्या क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली.

त्याच संघात ब्रँडन फर्नांडिस पिकला. मडगावचा हा मुलगा कोवळ्या वयात दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या अकादमीत गेला, इंग्लंडमधल्या क्लबांत चाचण्या देऊन आला, करार काही झाला नाही. परतल्यावर इकडचे क्लब फिरला आणि २०१७ मध्ये एफसी गोवात आला. तिथं सात वर्षं राहिला, कप्तान झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पहिल्यांदाच एक भारतीय क्लब उतरला होता. फातोर्ड्याला इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध सुरुवातीलाच फ्री-किक मिळाली. ब्रँडननं उजव्या पायानं चेंडू आत वळवला, बेदियानं डोकं लावलं, गोवा १-० पुढे. दहा मिनिटांत पर्सेपोलिसनं दोन गोल करून सामना उलटवला ही गोष्ट वेगळी. त्या फ्री-किकमागे मात्र सलग चार हंगाम एकत्र खेळलेली दोन माणसं होती. ब्रँडन २०२४ मध्ये मुंबई सिटीकडे गेला.

सुपर लीगनं आपल्या मध्यरक्षकाचं भलं केलं की वाईट, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. सुरुवातीला, २०१४ मध्ये, एका वेळी सहा परदेशी मैदानात उतरवायची मुभा होती. २०१७ मध्ये ती पाचांवर आली, २०२१ मध्ये चारांवर. हे परदेशी कुठे खेळायचे? प्रत्येक प्रशिक्षकाला नोकरी टिकवायची असते, म्हणून तो पाठीचा कणा आधी विकत घेतो: मधला बचावपटू, मधला मध्यरक्षक, स्ट्रायकर. भारतीय पोरं बगलांवर ढकलली गेली. मधल्या जागेवर खेळणाऱ्या मुलाला अकादमीतच सांगितलं जायचं, विंगवर जा, तिथं तुला जागा मिळेल. गोव्याचा रोलिन बोर्जिस आणि मुंबई सिटीच्या २०२३-२४ च्या विजेत्या संघातला अपुइया हे अपवाद, पण ते अपवादच. दुसऱ्या बाजूनं, याच लीगमुळे आहार, फिजिओ, जीपीएस जॅकेट, पगार या गोष्टी पहिल्यांदा नीट आल्या. लॉरेन्सच्या काळी यातलं फारसं काही नव्हतं.

आता कोल्हापूर. इथं गणित उलटं आहे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पेठा वाटून बसलेल्या असतात. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) वरिष्ठ गटात १६ संघ, आणि त्यांच्यातल्या ईर्षेला मुंबई-पुण्यात तोड नाही. महाराष्ट्रात मध्यरक्षकापेक्षा जास्त जगणारे क्लब कुठले, तर हेच. तालमी शंभर-शंभर वर्षांच्या आहेत, कंपनीचा ताळेबंद बिघडला म्हणून त्या बंद पडत नाहीत. पण तिथला खेळाडू दिवसा दुकानात किंवा एमआयडीसीत असतो, हंगामाचं मानधन घेतो, आणि पुढच्या नोंदणीला दुसऱ्या तालमीत जातो. शिवाय एक बोलायला हवं. कोल्हापूरच्या गॅलरीला ड्रिबल आवडतं, लांबून हाणलेला शॉट आवडतो. मध्यरक्षकानं डोकं वर करून चेंडू मागे, आपल्याच स्टॉपरला दिला, तर वरून जे शब्द येतात ते इथं छापता येणार नाहीत. आडवा-मागचा पास हा भित्रेपणा समजला जातो. परिणामी कोल्हापूरनं देशाला आघाडीचे खेळाडू दिले. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव आघाडीवर आणि विंगवर खेळतो. निखिल कदम पुणे एफसीच्या अकादमीतून मोहन बागानपर्यंत पोचला, तोही बगलेवर, आक्रमक भूमिकेत. गॅलरी बदलल्याशिवाय तिथून सामन्याचा वेग कमी-जास्त करणारा खेळाडू निघेल असं मला वाटत नाही. गॅलरी बदलणं हे केएसएच्या हातात नाही.

दक्षिणेला म्हैसूर जिल्ह्याकडे गेलं तर प्रश्न आणखी उघडा पडतो. एच. डी. कोटे हा कबिनीच्या काठचा, नागरहोळेच्या जंगलाला टेकलेला तालुका. बीचनहळ्ळीचं धरण, जेनु कुरुब आदिवासींच्या हाड्या (वस्त्या), अंतरसंते ओलांडून बावलीच्या नाक्यावरून पलीकडे गेलं की केरळातलं वायनाड. संध्याकाळी सहानंतर हा जंगलातला रस्ता बंद असतो. इकडच्या मुलाला व्यावसायिक फुटबॉल खेळायचा तर बंगळूर गाठण्यावाचून इलाज नाही. कर्नाटकानं पूर्वी चांगले मध्यरक्षक दिले. केम्पय्याचं नाव वर आलंच. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या कार्ल्टन चॅपमननं ईस्ट बंगालकडून इराकच्या अल झावराविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, पुढे तो भारताचा कप्तान झाला. २०२० मध्ये, पन्नाशीच्या आतच, तो गेला. म्हैसूर राज्यानं १९६८-६९ मध्ये संतोष चषक जिंकला, त्यानंतर कर्नाटकाला तो मिळाला थेट २०२३ मध्ये, रियाधला. मधली चोपन्न वर्षं कोरडी.

एच. डी. कोटेच्या सगळ्यात जवळचा नावाजलेला मध्यरक्षक शोधायचा तर जंगलाच्या पलीकडेच जावं लागतं. वायनाडचा सुशांत मॅथ्यू. तोही महिंद्रा युनायटेडमध्ये होता. कोलकाता, केरळ, ईशान्य भारत असे क्लब पालथे घालून तिशी ओलांडल्यावर २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून सुपर लीगच्या उपांत्य सामन्यात त्यानं चेन्नईयिनविरुद्ध अखेरच्या क्षणी लांबून जो गोल केला, तो केरळात आजही लोकांच्या फोनमध्ये सापडतो. पुढच्या वर्षी तो पुण्याला, एफसी पुणे सिटीत. त्याच्या क्लबांची यादी वाचली की बंद पडलेल्या दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं होतं. वायनाड आणि मलप्पुरममध्ये सातजणांचा सेव्हन्स फुटबॉल घराघरांत आहे, त्यानं पाय चपळ होतात, पण सातांच्या खेळात मधली फळी जवळजवळ नसतेच. चेंडू मागून थेट पुढे. तिथून आलेला मुलगा अकरांच्या मैदानात मध्ये उभा राहिला की त्याला बरंच काही नव्यानं शिकावं लागतं.

खेळणं संपल्यावर हे लोक काय करतात, हे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. मध्यरक्षक प्रशिक्षक होतात. साव्हियो मदेरा २०११-१२ मध्ये भारताचे प्रशिक्षक होते. मिरांडानं २०२३ मध्ये ओडिशाला सुपर चषक जिंकून दिला. स्टीव्हन डायस जमशेदपूरला खालिद जमीलच्या हाताखाली सहायक होता. आणि खालिद, जो स्वतः मधल्या फळीत खेळायचा आणि दुखापतींमुळे लवकर थांबला, त्यानं २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐजॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून देऊन सगळ्यांना तोंडात बोटं घालायला लावली. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, मदेरांनंतरचा पहिला भारतीय.

त्याच्या नेमणुकीची वेळ मात्र विचित्र होती. जुलै २०२५ मध्ये सुपर लीगचा नवा हंगाम लांबणीवर पडला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे पगार थांबवले. खेळाडू घरी, सामने नाहीत, आणि ऑक्टोबरात फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध भारत २-१ असा हरला. २०२७ च्या आशियाई चषकाचं दार तिथंच बंद झालं. डिसेंबरात वानखेडेवर मेस्सी येऊन गेला, मैदान भरलं, राज्य सरकारनं मुलांसाठी महादेवा प्रकल्प जाहीर केला. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई सिटीतून परदेशी भागीदार सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. एक जमेची गोष्ट एवढीच, की आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, धेंपो आय-लीगमध्ये परतला होता.

खालिद जमील स्वतः खेळाडू म्हणून ज्या संघांकडून खेळला ते महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी. या तिघांपैकी एकही आज राष्ट्रीय लीगमध्ये नाही.